एक रुपयाचा फरक: बंदरावरच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपायलर आणि लायब्ररींचा मेळ बसवताना

पार्श्वभूमी

रत्नागिरीतली एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी. तीन प्रोग्रॅमर, एक मालक आणि गावोगाव फिरून यंत्रं बसवणारा एक मुलगा. त्यांचं मुख्य उत्पादन म्हणजे मच्छीमार संस्थांसाठीचा तोल-हिशोब. होडी धक्क्याला लागली की माल काट्यावर जातो, लिलावात भाव ठरतो आणि वजन गुणिले भाव होतं. त्यातून डिझेल, बर्फ, रेशन यांसाठी आधी घेतलेली उचल वजा होते आणि तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या प्रमुखाच्या, हातात पावती पडते. संस्थांची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. तांत्रिक बाजू घडली तशीच ठेवली आहे.

हे सॉफ्टवेअर तीन ठिकाणी चालतं. धक्क्यावर काट्याला जोडलेला एक छोटा एआरएम बोर्ड (मोबाइलमधल्यासारख्या प्रोसेसरचा लहान संगणक) असतो, त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली. संस्थेच्या कार्यालयात विंडोजचा संगणक, त्यावर क्यूटी या तयार साधनसंचात केलेला हिशोबाचा प्रोग्रॅम. आणि भाड्याने घेतलेला एक सर्व्हर, उबुंटू २०.०४ या लिनक्स प्रणालीचा, जिथे महिन्याचे ताळेबंद तयार होतात. तिन्हींच्या पोटात हिशोबाचा गाभा एकच, सी प्लस प्लस या भाषेत लिहिलेला. लिहिलेल्या कोडचा यंत्रावर चालणारा प्रोग्रॅम कंपायलर करतो; त्या कामाला आणि त्यातून निघालेल्या प्रोग्रॅमलाही बिल्ड म्हणतात. लायब्ररी म्हणजे प्रोग्रॅम वापरतो ते आधीच लिहिलेले तयार भाग. धक्क्यावर नेटचा भरवसा नसल्यामुळे बोर्डावरची एसक्यूलाइटची (एका फाइलमध्ये मावणाऱ्या डेटाबेसची) फाइल रोज संध्याकाळी पेन ड्राइव्हवरून कार्यालयात येते. सकाळी ताजी उचल आणि खाती भरून तीच फाइल परत धक्क्यावर जाते. नवख्या माणसाला हे जुनाट वाटेल, पण पावसाळ्यात तारा तुटलेल्या असतानाही ही पद्धत चालते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. कंपनीच्या दृष्टीने ही वर्षातली एकमेव शांत खिडकी. मोठे बदल याच दोन महिन्यांत करायचे, ही त्यांची जुनी रीत. २०२४ च्या बंदीत त्यांनी चार बदल हातात घेतले: थोरल्या प्रोग्रॅमरला नवा लॅपटॉप, विंडोजच्या यंत्रावर नवा व्हिज्युअल स्टुडिओ (मायक्रोसॉफ्टचा कंपायलर-संच), क्यूटी ५.१५ वरून ६.५ वर उडी, आणि बोर्डांवर ३२ बिटच्या जागी ६४ बिट डेबियन ११. प्रत्येक बदलाला स्वतंत्रपणे चांगलं कारण होतं. हे प्रकरण त्या चारांच्या बेरजेचं आहे.

आरडाओरडा करणारी चूक

पहिली अडचण जूनमध्येच आली आणि ती सगळ्यात सोपी होती. थोरल्याच्या नव्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ होतं. तिथे केलेला बिल्ड सर्व्हरवर टाकला, तर प्रोग्रॅम सुरूच होईना: ‘जीलिबसी २.३४ सापडत नाही’. जीलिबसी म्हणजे लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्रॅम ज्यावर उभे असतात ती मूळ लायब्ररी. उबुंटू २०.०४ मध्ये जीलिबसी २.३१ आहे, २२.०४ मध्ये २.३५. जुन्यावर केलेलं नव्यावर चालतं, उलटं चालेलच असं नाही, हे त्या तिघांनाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे की २.३४ ही एक भिंत आहे. त्या आवृत्तीत थ्रेड वगैरेंच्या वेगळ्या लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाल्या आणि प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या फंक्शनलाच नवा आवृत्ती-शिक्का मिळाला. त्यामुळे भिंतीच्या नव्या बाजूला नेहमीच्या पद्धतीने केलेला अगदी दोन ओळींचा प्रोग्रॅमही जुन्या बाजूला उभा राहत नाही.

यावर त्यांनी त्या दिवशी काढलेला तोडगा असा: सर्व्हरवरच कंपायलर बसवला आणि तिथेच बिल्ड केला. काम झालं. पण आता कंपनीत बिल्ड करणारी यंत्रं चार झाली: जुना लॅपटॉप, नवा लॅपटॉप, विंडोजचा डबा आणि खुद्द सर्व्हर. शिवाय बोर्डाचा बिल्ड बोर्डावरच होत असे, तो वेगळा. कुठला बिल्ड कुठून आला हे फक्त करणाऱ्याच्या डोक्यात होतं. माझ्या मते पुढच्या सगळ्या गुंत्याचं मूळ या तोडग्यात आहे, चुकीत नव्हे. ती चूक लगेच आणि स्वच्छ शब्दांत बोलली होती.

एकाच्या संगणकावर चालतं, दुसऱ्याच्या नाही

जुलैमध्ये विंडोजचा नवा प्रोग्रॅम काही संस्थांना पाठवला. काहींकडे सुरळीत सुरू झाला, काहींकडे उघडताक्षणी कोसळला. कोसळण्याची जागा मायक्रोसॉफ्टच्या सी प्लस प्लस रनटाइमची (प्रोग्रॅम चालताना लागणाऱ्या लायब्ररीची), एमएसव्हीसीपी१४० या डीएलएल फाइलमध्ये. विंडोजचं काम बघणाऱ्या प्रोग्रॅमरने आधी स्वतःच्या कोडवर संशय घेतला. तिच्या यंत्रावर मात्र प्रोग्रॅम हट्टाने चालत राहिला.

व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून २०२२ पर्यंतच्या कंपायलरांची बायनरी एकमेकींशी जुळते, हे सगळे ऐकून असतात. त्यातली अट मात्र विसरली जाते: ग्राहकाच्या संगणकावरचं रनटाइम हे बिल्डमध्ये वापरलेल्या सर्वांत नव्या टूलसेटइतकं (कंपायलर-संचाइतकं) तरी नवं असलं पाहिजे. मे २०२४ मध्ये आलेल्या १७.१० या अद्ययावतीत म्यूटेक्सच्या, म्हणजे एकाच माहितीला दोन कामांनी एकदम हात लावू नये म्हणून कोडमध्ये लावायच्या कुलपाच्या, रचनेत बदल झाला. नव्या कंपायलरने केलेला प्रोग्रॅम जुन्या डीएलएलसोबत चालवला की पहिलं कुलूप लावतानाच तो शून्य पत्त्यावर हात घालतो. कंपनीच्या इन्स्टॉलरमध्ये रनटाइमची जी फाइल होती ती कुणीतरी केव्हातरी ठेवलेली, अनेक वर्षं जुनी. ज्या संस्थांच्या संगणकावर दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने आधीच नवं रनटाइम आणून ठेवलं होतं, तिथे सगळं आलबेल. म्हणजे यश-अपयश ठरत होतं ते संस्थेने आणखी कुठलं सॉफ्टवेअर घेतलं आहे यावर.

इथे दोन पर्याय होते. एक, जुनी रचना वापरायला लावणारा मायक्रोसॉफ्टचाच एक मॅक्रो (कंपायलरला द्यायची खूण) चालू करून वेळ मारून नेणं. दुसरा, इन्स्टॉलरने रनटाइम नेहमी त्याच टूलसेटच्या फोल्डरमधून उचलावं, हाताने ठेवलेली प्रत कायमची काढून टाकावी. त्यांनी दुसरा घेतला. मॅक्रोने लक्षण गेलं असतं, पण जुनी फाइल तिथेच राहिली असती, पुढच्या वेळी वेगळ्या नावाने त्रास द्यायला.

‘फाइल खराब झाली’

१ ऑगस्टला बंदी उठली. समुद्र शांत नव्हता, मोजक्याच होड्या बाहेर पडल्या. पहिल्या दिवशीचा माल काट्यावर आला, संध्याकाळी फाइल कार्यालयात गेली, सकाळी परत धक्क्यावर आली. आणि बोर्डाने ती उघडायला नकार दिला. पडद्यावरचा मजकूर होता ‘मालफॉर्म्ड डेटाबेस स्कीमा’, म्हणजे डेटाबेसची रचना बिघडलेली.

काट्यावरच्या मुलाने हा अर्थ सरळ घेतला: पेन ड्राइव्हने फाइल खाल्ली. कंपनीने दिलेल्या सूचनापत्रकातही तेच लिहिलेलं होतं की असा संदेश आल्यास आदल्या दिवशीची प्रत परत टाकावी. टाकली असती तर पहिल्या दिवसाचे सगळे तोल आणि कार्यालयाने रात्री भरलेली उचल दोन्ही गेलं असतं. बाहेर माल उतरत होता, बर्फ वितळत होता, लिलाव पुकारणारा घाई करत होता.

या प्रकरणातला पहिला खरा निर्णय इथे झाला, आणि तो फोनवर झाला. थोरल्या प्रोग्रॅमरने सांगितलं, ‘प्रत टाकू नकोस. आहे ती फाइल आधी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरव, बोर्ड बंद कर, आणि आजचा दिवस पावती पुस्तकावर काढ.’ कागदी पावती पुस्तकं धक्क्यावर होती. संस्थेच्या सचिवांनी ती जपून ठेवायचा आग्रह धरला होता आणि कंपनीला तो आग्रह तोवर थोडा हास्यास्पद वाटत असे.

फाइल लॅपटॉपवर उघडली तर ती ठणठणीत निघाली. अखंडतेची तपासणी पास, नोंदी सगळ्या जागेवर. मग बोर्डाला काय खटकलं? एसक्यूलाइट प्रत्येक तक्ता तयार करतानाचं वाक्य फाइलमध्येच मजकूर म्हणून ठेवतं आणि फाइल उघडताना ते पुन्हा वाचून समजून घेतं. तोलांच्या तक्त्याच्या वाक्यात शेवटी ‘स्ट्रिक्ट’ हा शब्द होता. हा शब्द एसक्यूलाइटला ३.३७ पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२१ पासून कळतो. डेबियन ११ च्या बोर्डावर ३.३४.१ होतं. जुनं एसक्यूलाइट त्या शब्दाला अडखळलं, आणि एका तक्त्याचं वाक्य समजलं नाही की ते सगळी फाइलच नाकारतं.

तो शब्द आला कुठून? आधीच्या हंगामात एका काट्याने वजनासोबत ‘किलो’ असा शब्दही पाठवला होता आणि एसक्यूलाइटने तो निमूटपणे आकड्यांच्या रकान्यात मजकूर म्हणून ठेवून दिला होता. महिनाअखेरीस बेरजा बिघडल्या. असं पुन्हा होऊ नये म्हणून विंडोजच्या प्रोग्रॅमरने बंदीच्या काळात तक्ता ‘स्ट्रिक्ट’ केला, म्हणजे आकड्यांच्या रकान्यात मजकूर शिरूच नये असा. विचार योग्यच होता. नवा प्रोग्रॅम जुनी फाइल उघडताना ती आपोआप नव्या रचनेत बदलत असे. तिच्याकडे चाचणी घेतली, सगळं पास.

आणि इथली मेख बघण्यासारखी आहे: एसक्यूलाइटची आवृत्ती कुणी निवडलीच नव्हती. विंडोजवर क्यूटीच्या तयार बिल्डमध्ये त्याचं स्वतःचं एसक्यूलाइट पोटात असतं. ५.१५ वरून ६.५ वर गेल्यावर ते न सांगता ३.३७ च्या पलीकडे गेलं. बोर्डावरचा प्रोग्रॅम डेबियनची सिस्टीम लायब्ररी वापरत होता. सर्व्हरवर उबुंटूची, ३.३१.१. एकाच फाइलला तीन वेगवेगळ्या वयांचे वाचक होते. फाइल फिरत राहणार हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दुपारी सुटका कशी करायची यावरही दोन मतं झाली. बोर्डावर नवं एसक्यूलाइट चढवणं हा एक मार्ग. तक्ता पुन्हा साध्या रचनेत आणून विंडोजचा आपोआप-बदल बंद करणं हा दुसरा. पहिला पुढे जाणारा होता, पण हर्णैपासून मालवणपर्यंत पसरलेल्या बोर्डांवर, पावसात, हंगामाच्या दुसऱ्या दिवशी, घाईत बांधलेली लायब्ररी टाकायची हिंमत कुणाची झाली नाही. त्यांनी माघार घेतली. संध्याकाळपर्यंत कार्यालयांत दुरुस्त प्रोग्रॅम गेला, रात्री कागदी पावत्या हाताने भरल्या गेल्या.

एक रुपया

ऑगस्टच्या अखेरीस एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला. धक्क्यावरची पावती आणि सर्व्हरवरून आलेला ताळेबंद यांत काही होड्यांच्या खात्यावर रुपया-रुपयाचा फरक दिसत होता. सचिवांचं म्हणणं नेमकं होतं: ‘मॅडम, आमचा तांडेल रुपयासाठी भांडत नाही. पण छापलेला कागद आणि वही वेगळं बोलली की पुढे कुठल्याच कागदावर तो अंगठा देत नाही.’

आधी काटा तपासला, मग प्रिंटर, मग भाव टाइप करणाऱ्याचा हात. सगळं ठीक. शेवटी एकच पावती घेऊन तिन्ही यंत्रांवर चालवली. बांगडा १२.३५ किलो, भाव ११० रुपये, उचल १२०० रुपये. कागदावर: १३५८.५० वजा १२००, म्हणजे १५८.५०, जवळच्या रुपयात १५९. सर्व्हर १५९ म्हणत होता, विंडोजही १५९. बोर्ड म्हणत होता १५८.

आतला आकडा सतरा अंकांपर्यंत छापल्यावर सर्व्हरवर १५८.५ दिसला आणि बोर्डावर १५८.४९९९९९९९९९९९९७. कोड एकच, आकडे तेच.

कारण असं. १२.३५ ही संख्या संगणकाच्या द्विमान (० आणि १ च्या) पद्धतीत नेमकी मावत नाही, किंचित कमी साठवली जाते. सर्व्हरवर आधी गुणाकार होतो आणि त्याचं उत्तर गोळाबेरीज होऊन (म्हणजे मावेल अशा जवळच्या आकड्यात बसून) बरोब्बर १३५८.५ बनतं. त्या पायरीवर ती किंचित कमतरता पुसली जाते. मग वजाबाकी. ६४ बिट एआरएमवर मात्र गुणाकार आणि वजाबाकी मिळून एकच सूचना उपलब्ध असते, जी मध्ये गोळाबेरीज न करता शेवटी एकदाच करते. लिनक्सवरचा जीसीसी हा कंपायलर ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करणं) चालू असताना सी प्लस प्लससाठी ही जोड आपणहून वापरतो. त्यामुळे मूळची कमतरता शेवटपर्यंत टिकली, उत्तर साडेच्या केसभर खाली आलं आणि रुपया खाली गेला. गणिताच्या दृष्टीने बोर्डाचं उत्तर साठवलेल्या आकड्यांशी अधिक प्रामाणिक होतं, हा यातला विनोद.

मग आधीच्या हंगामात हे का झालं नाही? कारण तेव्हा त्याच बोर्डांवर ३२ बिट डेबियन होतं, आणि त्या बिल्डचा कंपायलर ज्या प्रोसेसर-पातळीसाठी कोड काढत होता तिच्यात ही जोडसूचनाच नाही. सर्व्हरवरचा नेहमीचा ६४ बिट इंटेल बिल्डही ती गृहीत धरत नाही. बोर्ड बदलला नव्हता. कोडची एक ओळ बदलली नव्हती. बदललं होतं ते कंपायलरचं लक्ष्य.

काय काय पर्याय तोलले

सप्टेंबरमध्ये एका शनिवारी तिघे प्रोग्रॅमर आणि मालक बसले. मी तिथे बाहेरचा माणूस म्हणून होतो, म्हणजे प्रश्न विचारायला मोकळा.

सगळीकडे एकच ऑपरेटिंग सिस्टीम हा पर्याय दोन मिनिटांत संपला. कार्यालयांना विंडोजच हवं होतं आणि काट्यापाशी पूर्ण संगणक ठेवणं परवडणारं नव्हतं.

सगळं स्टॅटिक लिंक करून (लायब्ररी प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच भरून) टाकावं, म्हणजे आवृत्त्यांची कटकटच नको, हा थोरल्याचा आवडता पर्याय. तो जास्त वेळ टिकला. पण जीलिबसी पूर्णपणे स्टॅटिक लिंक केलं तरी नेटवरचे पत्ते शोधताना ते चालत्या यंत्रावरच्या आपल्याच आवृत्तीच्या लायब्ररी मागतं. लिंकर तसा इशाराही देतो. जीलिबसीऐवजी मसल ही दुसरी लायब्ररी वापरायची तर सगळ्या अवलंबनांची नव्याने चाचणी. क्यूटी एलजीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली वापरत असल्यामुळे ते स्टॅटिक केलं की ग्राहकाला पुन्हा लिंक करता येईल अशी सोय द्यावी लागते. शेवटी असं ठरलं की जे आपल्या माहितीला हात लावतं तेवढंच स्टॅटिक करायचं.

तिसरा पर्याय: जो सर्वांत जुना पाया आपल्याला सांभाळायचा आहे त्यावरच बिल्ड करायचा, कंटेनरमध्ये, म्हणजे ठरलेल्या आवृत्त्या आत असलेल्या बंदिस्त वातावरणात. इथे नशीब बरं निघालं. डेबियन ११ आणि उबुंटू २०.०४ दोन्हींत जीलिबसी २.३१ च आहे, आणि डेबियन ११ चा जीसीसी १० ज्या सी प्लस प्लस लायब्ररीची अपेक्षा करतो ती उबुंटू २०.०४ मध्येही आहे. म्हणजे डेबियन ११ च्या एकाच कंटेनरमधून सर्व्हरचा बिल्ड आणि क्रॉस कंपायलरने (दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी कोड काढणाऱ्या) बोर्डाचा बिल्ड, दोन्ही निघतात.

बिल्ड कुठे चालवायचा यावर वाद झाला. तिघांतल्या धाकट्या प्रोग्रॅमरला भाड्याची क्लाउड सेवा हवी होती. मालकाने विचारलं की जुलैत आपलं नेट किती तास असतं. माझं मत मालकाच्या बाजूने पडलं. दुरुस्ती पाठवण्याची घाई बहुधा त्याच दिवशी येते ज्या दिवशी झाड तारांवर पडलेलं असतं. दुरुस्ती पोचवायला नेट लागेल हे खरं, पण मोबाइलच्या दोन काड्यांवर काही मेगाबाइटची फाइल जाते. त्यासाठी लागणारे गिगाबाइट येत नाहीत.

प्रत्यक्ष काय केलं

कार्यालयातल्या एका संगणकाला, मागे इन्व्हर्टर लावून, बिल्ड-यंत्र म्हटलं. बाकी कुणाच्या लॅपटॉपवरचा बिल्ड ग्राहकाकडे जाणार नाही, असा नियम केला. सर्व्हरवरचा कंपायलर काढून टाकला.

कंटेनर बनवण्याची कृती कोडसोबत ठेवलीच, पण प्रमाण मानली ती तयार झालेली प्रतिमा, म्हणजे कंटेनरची गोठवलेली प्रत. हा फरक आधी पटला नाही. पण कृतीत ‘अमुक पॅकेज आण’ एवढंच असतं, आणि तीच कृती वेगळ्या दिवशीच्या बाजारातून सामान आणून केली की कालवण वेगळं होतं. म्हणून प्रतिमा फाइल म्हणून काढून, तिचा चेकसम (फाइल बदलली का हे ओळखण्याचा आकडा) नोंदवून, दोन बाहेरच्या डिस्कवर ठेवली. विंडोजच्या बाजूला व्हीसीपॅकेज या लायब्ररी आणणाऱ्या साधनाच्या मॅनिफेस्टमध्ये (यादीत) आवृत्त्यांची आधाररेषा बांधून टाकली आणि बांधलेल्या लायब्ररींचा साठा त्याच डिस्कवर ठेवला. व्हिज्युअल स्टुडिओचा टूलसेट क्रमांक बिल्डच्या फाइलमध्ये स्पष्ट लिहिला. तो नसेल तर बिल्ड थांबतो.

एसक्यूलाइट एकाच मोठ्या सी फाइलच्या रूपातही मिळतं. ती फाइल त्यांनी आपल्या कोडमध्येच घेतली, तिन्ही ठिकाणी तीच कंपाइल केली आणि क्यूटीच्या एसक्यूलाइटला हात लावणं बंद केलं. डेटाबेसच्या शीर्षात वापरकर्त्यासाठी एक रिकामा आकडा असतो. त्यात रचनेचा क्रमांक लिहायला सुरुवात केली. आपल्याला माहीत असलेल्यापेक्षा मोठा क्रमांक दिसला तर प्रोग्रॅम ‘ही फाइल नव्या आवृत्तीची आहे, कार्यालयाशी बोला’ असं मराठीत सांगून थांबतो. सूचनापत्रकातली ‘आदल्या दिवशीची प्रत टाका’ ही ओळ खोडली.

रुपयाच्या बाबतीत दोन टप्पे होते. त्याच आठवड्यात जोडसूचना बंद करणारा कंपायलरचा पर्याय सगळीकडे लावला आणि बोर्डही १५९ म्हणू लागला. धाकट्याच्या मते तिथेच थांबायला हरकत नव्हती. थोरला अडून बसला: पैसा अपूर्णांकात ठेवायचाच नाही. वजन ग्रॅममध्ये, भाव किलोमागे पैशांत, सगळं पूर्णांकात. हे बरोबर होतं, आणि यातही आवृत्ती-लक्ष्याचा एक खड्डा होता. ‘लाँग’ हा प्रकार ६४ बिट लिनक्सवर आठ बाइटचा, ६४ बिट विंडोजवर चारचा. ग्रॅम गुणिले पैसे हा आकडा ११० च्या भावाने १९६ किलोलाच चार बाइट ओलांडतो, आणि चांगल्या दिवशी एका होडीला त्याच्या कितीतरी पट बांगडा लागतो. कोड वाचताना हे विंडोजवालीच्या नजरेत आलं, म्हणून सगळीकडे नेमक्या ६४ बिटचा प्रकार वापरला.

आधीच छापलेल्या पावत्यांचं काय करायचं, हा प्रश्न तांत्रिक नव्हता आणि कंपनीने तो तांत्रिक मानला नाही, हे मला आवडलं. नव्या हिशोबाने जुन्या नोंदी पुन्हा मोजून सर्व्हर दुरुस्त करणं सोपं होतं. संस्थांनी नकार दिला. तांडेलाच्या हातातला कागद हाच शेवटचा शब्द. सर्व्हरवरच्या खात्यात ‘गोळाबेरीज फरक’ म्हणून एक वेगळी नोंद टाकली आणि ताळेबंद पावत्यांशी जुळवून घेतला.

परिणाम

उरलेल्या हंगामात पावती आणि ताळेबंद जुळत राहिले. बिल्डला लागणारा वेळ वाढला, त्यावर कुरकुर झाली. धाकट्याला आपल्या लॅपटॉपवरून थेट दुरुस्ती पाठवता येत नाही याचा आजही राग आहे.

सगळ्यात उपयोगी ठरली ती चाचणीतली एक छोटी भर. आधी प्रत्येक यंत्रावर त्या यंत्राचा प्रोग्रॅम चालतो का एवढंच बघितलं जाई, आणि तिन्ही पास होत. आता बिल्ड झाला की विंडोजने लिहिलेली फाइल बोर्डाचा प्रोग्रॅम वाचतो, बोर्डाने लिहिलेली सर्व्हर वाचतो, आणि नमुना पावत्यांचा एक गठ्ठा तिन्हींकडून मोजून उत्तरं अक्षरशः ताडून बघितली जातात. १२.३५ किलो बांगडा त्या गठ्ठ्यात पहिला आहे. लिनक्सच्या बायनरीत २.३१ च्या पुढचा जीलिबसी शिक्का आढळला तर बिल्ड नापास होतो, तीही तपासणी आहे, पण ती जवळपास कधी बोलत नाही. बोलण्यासारखं घडतं ते फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाते तिथेच.

वेगळं काय करता आलं असतं

दोन महिन्यांची मोकळी खिडकी दिसली की सगळं त्यातच कोंबावंसं वाटतं. लॅपटॉप, व्हिज्युअल स्टुडिओ, क्यूटी आणि ६४ बिट डेबियन यांतले कुठलेही दोन बदल वेगळ्या वर्षी केले असते तर शोधाशोध निम्मी झाली असती. विशेषतः ३२ वरून ६४ बिटवर जाणं त्या वर्षी अजिबात निकडीचं नव्हतं.

‘स्ट्रिक्ट’ तक्त्याचा निर्णय मात्र मी बदलला नसता, क्रम बदलला असता. आधी वाचणाऱ्या सगळ्यांना नवी रचना वाचता येऊ द्यायची, एक हंगाम जाऊ द्यायचा, मगच लिहिणाऱ्याने ती लिहायला सुरुवात करायची. कंपनीने २०२५ च्या बंदीत नेमकं हेच केलं आणि तक्ता पुन्हा ‘स्ट्रिक्ट’ झाला.

कंटेनरचा निर्णय मला तितकासा निर्विवाद वाटत नाही. जुन्या पायावर बसून राहण्याची किंमत असते. उबुंटू २०.०४ चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षा-दुरुस्त्या मिळणं, मे २०२५ मध्ये संपला, म्हणून त्या जूनमध्ये सर्व्हर २४.०४ वर नेला. बिल्ड मात्र डेबियन ११ च्याच प्रतिमेत होत राहिला आणि विनातक्रार चालला. बोर्डही एकेक करून डेबियन १२ वर गेले, एक सोडून. त्या एका धक्क्यावरच्या काट्याचा जोडणी-प्रोग्रॅम नव्या कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यावर) नीट वागत नाही आणि संस्था नवा काटा घ्यायला तयार नाही. त्या एका बोर्डासाठी सगळ्यांचा पाया २.३१ वर अडला आहे. डेबियन ११ चा दीर्घ आधार ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंत आहे आणि त्याआधीची शेवटची बंदी जून-जुलै २०२६ ची. मालकाने संस्थेला पत्र दिलं आहे की तोवर काटा बदलला नाही तर त्या धक्क्यावर पुन्हा पावती पुस्तक. सचिवांनी पत्र वाचून सांगितलं, पुस्तकं अजून शिल्लक आहेत.